उत्तर येत होते, देता येत नव्हते

2020 साली शाळा बंद असताना आपल्यापैकी अनेकांनी ऑनलाइन पाठ तयार केले असतील. आम्ही पनवेलच्या काही शिक्षकांनीही केले. नववीच्या मुलांसाठी केलेला आमचा एक पाठ खाडीतील अन्नसाखळीवर होता. पनवेलच्या मुलांना खाडी, चिखल आणि तिवरांची झाडे नवीन नाहीत, म्हणून उदाहरण तेथलेच घेतले. पाठाच्या शेवटी एक खेळ ठेवला होता. पडद्यावर चार चित्रे : तिवराची गळलेली पाने, खेकडा, निवटी आणि बगळा. ही चित्रे माउसने ओढून चार चौकटींत योग्य क्रमाने टाकायची. बरोबर आले की चौकट हिरवी होते आणि घंटा वाजते, चुकले की लाल होते. कोपऱ्यात साठ सेकंदांचे घड्याळ. असे एकूण पाच खेळ होते.

मुलांना खेळ आवडला आणि आम्हीही खूश होतो. मग गुणांची यादी पाहिली. एका मुलीला पाचपैकी शून्य गुण होते. ही मुलगी जन्मापासून अंध आहे, सर्वांबरोबर एकाच वर्गात शिकते आणि विज्ञानात तिचे उत्तर कधी चुकत नाही. आम्ही तिला फोन केला.

“काय ग, अन्नसाखळी समजली नाही का?”

“समजली की, बाई. पण लॅपटॉप नुसता ‘ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक’ असं बोलतो. त्यातला खेकडा कोणता, ते कसं कळणार? तेवढ्यात वेळ संपते.”

मग तिने फोनवर सगळी साखळी सांगितली. पाने खेकडा खातो, छोट्या खेकड्यांना निवटी खाते, निवटीला बगळा. शिवाय खेकडे गळलेली पाने बिळात ओढून नेतात, हे तिने आजीकडून ऐकलेले होते, तेही सांगितले. आमच्या पाठात ते नव्हतेच.

हे शून्य नेमके कशाचे मोजमाप होते?

शून्य त्रुटी

व्हर्नियर कॅलिपरने मोजमाप करताना आपण मुलांना आधी शून्य त्रुटी पाहायला सांगतो. दोन्ही जबडे मिटलेले असतानाही उपकरण काही वाचन दाखवत असेल, तर ते वाचन वस्तूचे नसते, उपकरणाचे असते. प्रश्नाचेही असेच आहे. कोणताही प्रश्न विद्यार्थ्याचे ज्ञान मोजतो, आणि त्याबरोबर तो प्रश्न हाताळण्याची क्षमताही मोजतो.

आमच्या खेळासाठी काय काय लागत होते, याची यादी आम्ही केली. चित्र दिसणे. चित्रातला प्राणी ओळखता येणे. माउसची कळ दाबून धरून हात स्थिर ठेवणे. लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखणे. घंटा ऐकू येणे. साठ सेकंदांत सगळे उरकणे. आणि अन्नसाखळीचा क्रम माहीत असणे. या सात गोष्टींपैकी विज्ञानाची फक्त शेवटची. उरलेल्या सहा आम्ही नकळत परीक्षेत घातल्या होत्या.

कॅलिपरची शून्य त्रुटी एकदा कळली की ती प्रत्येक वाचनातून वजा करता येते. येथे तसे करता येत नाही, कारण ही त्रुटी प्रत्येक मुलासाठी वेगळी असते. एकासाठी ती शून्य असेल, दुसऱ्याचे सगळे गुण ती खाऊन टाकेल. म्हणून उपकरणच दुरुस्त करावे लागते. ऑनलाइन पाठ सर्वांना वापरता येण्याजोगा करणे म्हणजे ही दुरुस्ती. त्यात प्रश्न सोपा केला जात नाही. जे मोजायचे नव्हते ते प्रश्नातून काढले जाते.

संगणक पान कसे वाचून दाखवतो?

दुरुस्ती करायची, तर आधी बिघाड कसा होतो ते समजून घेऊ. अंध विद्यार्थी स्क्रीन रीडर नावाची आज्ञावली वापरतात. ‘एनव्हीडीए’ ही त्यांतली एक. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये ती लिहायला घेतली. ती मोफत मिळते आणि मराठीही वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची अशीच सोय असते.

स्क्रीन रीडर आपल्यासारखा पडदा पाहत नाही. ब्राउझर वेबपानावरून त्यातील घटकांची एक यादी बनवतो, आणि स्क्रीन रीडर ती यादी वाचतो. यादीतील प्रत्येक घटकाबद्दल तीन गोष्टी महत्त्वाच्या : त्याचे नाव काय, तो कोणत्या प्रकारचा आहे, आणि सध्या त्याची स्थिती काय आहे. उदाहरणार्थ, ‘खेकडा, पर्याय, निवडलेला नाही’. एवढे ऐकले की पुढे काय करायचे ते विद्यार्थ्याला कळते.

आमच्या खेळात चित्रांना नावेच दिलेली नव्हती. त्यामुळे यादीत प्रकार तेवढा होता : ग्राफिक. चौकटी म्हणजे नुसत्या रंगवलेल्या रेघा होत्या, त्यामुळे त्या यादीत आल्याच नाहीत. आणि चित्र ओढण्याची क्रिया फक्त माउसला समजत होती. अंध विद्यार्थी माउस वापरत नाही, कारण बाण कुठे आहे हे त्याला दिसत नाही. तो टॅबच्या कळीने एका घटकावरून दुसऱ्यावर जातो, बाणांच्या कळांनी निवड करतो आणि एंटर किंवा स्पेस दाबतो. जे कळांनी होत नाही, ते त्याच्यासाठी पानावर असून नसल्यासारखे.

खेळ कसा बदलला?

आम्ही ओढण्याचा खेळ काढून टाकला नाही. त्याच्या शेजारी दुसरी वाट ठेवली. प्रत्येक जीवाच्या नावापुढे ‘वर न्या’ आणि ‘खाली न्या’ अशी दोन बटणे दिली. क्रम लावायचे काम तेच, विचार तोच. ही बटणे माउसने दाबता येतात, कळांनी दाबता येतात आणि बोटानेही.

याचा फायदा फक्त अंध मुलांना होतो असे नाही. ज्याचा हात थरथरतो, मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याच्या बोटांवर ताबा कमी आहे, त्याला एखादी वस्तू दाबून धरून ओढत नेणे फार कठीण जाते. वेबचे नियम ठरवणारी ‘डब्ल्यू थ्री सी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली. जे काम ओढून करता येते ते न ओढताही करता आले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दाबायची जागा निदान 24 गुणिले 24 पिक्सेलची असावी, असेही त्यात आहे. दाटीवाटीने बसवलेली बारीक बटणे फोनवर दाबताना आपले स्वतःचे बोटही चुकते, हे आठवून पाहा.

चित्रांना नावे देताना आणखी एक गोष्ट शिकलो. आधी आम्ही ‘खाडीच्या चिखलात मासा’ असे वर्णन लिहिले. पण पाहणाऱ्या मुलाला चित्रात निवटी दिसत होती आणि ऐकणाऱ्याला नुसता मासा मिळत होता. उलट ‘छोटे खेकडे खाणारी निवटी’ असे लिहिले असते, तर उत्तरच सांगून टाकले असते. पाहणाऱ्याला जेवढे कळते तेवढेच ऐकणाऱ्याला कळावे, कमी नको आणि जास्तही नको. शेवटी ‘निवटी’ एवढाच शब्द ठेवला.

लाल शाईचा हिशेब

आता रंगांकडे वळू. लाल आणि हिरव्या रंगांत गोंधळ होणारा रंगांधळेपणा बहुधा आनुवंशिक असतो. त्याची जनुके ‘एक्स’ गुणसूत्रावर असतात. मुलग्यांत हे गुणसूत्र एकच असल्याने त्यांच्यात हे प्रमाण मुलींपेक्षा बरेच जास्त आढळते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते सुमारे 8 टक्के आहे. भारतात कमी आहे, पण मोठ्या वर्गात असा एखादा मुलगा असू शकतो, आणि बरेचदा ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. ‘हिरवे ते बरोबर, लाल ते चूक’ एवढीच खूण असेल, तर त्याला निकाल कळणार नाही. उपाय अगदी सोपा आहे. रंगाबरोबर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हा शब्द लिहावा.

मजकूर आणि त्यामागची जागा यांच्या उजळपणातील तफावत मोजण्याचे एक सूत्र आहे. काळ्याचा उजळपणा 0 आणि पांढऱ्याचा 1 धरतात. दोन रंगांच्या उजळपणात प्रत्येकी 0.05 मिळवायचे आणि मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे. पांढऱ्यावर काळ्यासाठी 1.05 भागिले 0.05, म्हणजे 21. ही सर्वांत जास्त तफावत. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर निदान 4.5 असावे, असा नियम आहे.

पडद्यावरच्या शुद्ध लाल रंगाचा उजळपणा 0.2126, हिरव्याचा 0.7152 आणि निळ्याचा 0.0722 धरतात. तिघांची बेरीज 1 येते, कारण तिन्ही मिळून पांढरा होतो. आता पांढऱ्यावर लाल अक्षरांचे गुणोत्तर काढू : 1.05 भागिले 0.2626, म्हणजे सुमारे 4. शिक्षकांचा आवडता लाल रंग नियमाला थोडा कमी पडतो! हिरव्याचे गुणोत्तर जेमतेम 1.4 येते. निळ्याचे मात्र 8.6. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, त्याचे गुणोत्तर मुलांना काढायला सांगा. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे का वाचता येत नाहीत, याचे उत्तर त्यांना आकड्यात मिळेल.

कान, घड्याळ आणि लुकलुकणारा पडदा

घंटेच्या आवाजाने मिळणारी शाबासकी कर्णबधिर मुलापर्यंत पोहोचत नाही. शब्द लिहिला की हा प्रश्नही सुटतो. चित्रफितीतील बोलणे खाली सबटायटल म्हणून लिहावे. मात्र जन्मापासून कर्णबधिर असलेल्या अनेक मुलांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी ती नंतर शिकतात. म्हणून वाक्ये लहान व सरळ असावीत. दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. शालेय पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी त्याने 2020 मध्ये एनसीईआरटीशी करार केला. आपल्या विषयाच्या अशा चित्रफिती मिळतात का, हे पाहून ठेवावे.

घड्याळाबद्दल आम्हांला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न मुलांनीच सोडवला. साठ सेकंद कशासाठी ठेवले होते, असे त्यांनी विचारले आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. खेळ रंगतदार वाटावा, एवढेच कारण होते. स्क्रीन रीडरला चार नावे वाचून दाखवायलाच वेळ लागतो. वाचनात अडखळणाऱ्या, म्हणजे डिसलेक्सिया असलेल्या मुलालाही लागतो. वेग हाच धड्याचा विषय नसेल, तर घड्याळ काढून टाकावे किंवा ते बंद करण्याची सोय द्यावी.

लुकलुकणाऱ्या चित्रांबाबत मात्र सावधगिरीच हवी. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेत लाल आणि निळा प्रकाश अतिशय वेगाने आलटून पालटून दाखवला गेला. त्या संध्याकाळी जवळजवळ सातशे जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. काहींना प्रत्यक्ष फिट आली होती. कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकू नये, असा नियम आता आहे.

मराठी अक्षरांची अडचण

एक अडचण खास आपली आहे. अनेक शिक्षकांकडे जुने प्रश्नसंच कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये साठवलेले असतात. या फॉण्टमध्ये पडद्यावर अक्षर देवनागरी दिसते, पण संगणकात साठवलेला असतो तो इंग्रजी अक्षराचा संकेत. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने ‘एच, के, के, जे, आर’ असा असतो. स्क्रीन रीडर तेच वाचणार. डोळ्यांना शुद्ध मराठी, कानांना निरर्थक बडबड! युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत आहे. 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी त्यात आहे. म्हणून प्रश्न युनिकोडमध्येच लिहावेत, आणि मजकुराचा फोटो काढून तो प्रश्न म्हणून लावू नये. फोटोतली अक्षरे स्क्रीन रीडरला पुन्हा ‘ग्राफिक’च असतात.

प्रयोग ऐकता येतो का?

क्रम लावण्याचा खेळ दुरुस्त करणे तसे सोपे होते. पण विद्युत परिपथ, आलेख, नकाशा यांचे काय? येथे काम खरोखर कठीण आहे, पण मार्ग आहेत. नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. विज्ञानाचे संगणकावर करून पाहायचे प्रयोग त्यात मोफत मिळतात, काही मराठीतही आहेत. त्यातला फुगा आणि स्थितिक विद्युत यांचा प्रयोग पाहा. लोकरी स्वेटरवर फुगा घासला की ऋण प्रभार फुग्याकडे जातात. हा फुगा कळांनी हलवता येतो. इंग्रजी आवृत्तीत तो कुठे आहे, किती प्रभार गोळा झाले, सोडल्यावर कुठे गेला, हे शब्दांतही सांगितले जाते. प्रयोगाचे निरीक्षण ऐकण्याजोगे करण्यासाठी त्या लोकांना प्रत्येक बदल शब्दांत मांडावा लागला. आपल्याला हे सगळे जमेल असे नाही. पण आलेखाखाली त्याच आकड्यांचे साधे कोष्टक देणे प्रत्येकाला जमते. नकाशा किंवा परिपथ जाड कागदावर सुतळी चिकटवून बोटांनी कळेल असा करणेही जमते. पडद्यावर जे होणार नाही ते हातात द्यावे.

पापणी लवत नाही त्यांनी काय करायचे?

हा केवळ चांगुलपणाचा प्रश्न नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. शिक्षण आणि माहिती तंत्रज्ञान दोन्ही सुलभ असावे, असे तो सांगतो. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. बँकेत किंवा मोबाइल कंपनीत ऑनलाइन ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर पापणी लववायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रियांना आणि अंध व्यक्तींना ते शक्य नव्हते. माणूस जिवंत समोर आहे एवढेच तपासायचे होते, पण तपासली जात होती पापणी. डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या खेळातली चूक याच जातीची होती.

वर्गात करून पाहा

आपण तयार केलेला किंवा कुठून घेतलेला कोणताही ऑनलाइन खेळ मुलांना देण्याआधी पुढील पाच कसोट्या लावून पाहा. वरच्या वर्गातील विद्यार्थी हे काम प्रकल्प म्हणून फार छान करतात.

1. माउस काढून ठेवा. टॅब, बाण, एंटर आणि स्पेस या कळांनी खेळ पूर्ण होतो का? आपण आत्ता कोणत्या घटकावर आहोत हे पडद्यावर दिसते का?

2. फोनमध्ये टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि एक प्रश्न सोडवा. टॉकबॅक चालू असताना बोटांच्या खुणा बदलतात, म्हणून तो बंद कसा करायचा हे आधी पाहून ठेवा!

3. पडदा कृष्णधवल करा. बरोबर आणि चूक वेगळे ओळखता येतात का?

4. आवाज बंद करा. काही माहिती हरवते का?

5. घड्याळ असेल तर ते कशासाठी आहे, हे एका वाक्यात लिहा. लिहिता आले नाही तर काढून टाका.

या कसोट्या पार पडल्या म्हणजे सगळे झाले असे मात्र समजू नका. आमचा दुरुस्त केलेला खेळ आम्ही पुन्हा त्या मुलीला दिला. पाचही साखळ्या तिने बरोबर लावल्या. मग तिचा फोन आला.

“बाई, ‘वर न्या’ दाबलं की लॅपटॉप गप्पच बसतो. गेलं की नाही ते कळत नाही. मी दर वेळी सगळी यादी पहिल्यापासून ऐकत होते.”

आमच्या पाच कसोट्यांत हे कुठेच सापडले नव्हते. बटण दाबल्यावर ‘निवटी आता तिसऱ्या जागी’ असे संगणकाने बोलायला हवे होते. तशी सोय आम्ही केली, आणि तिला विचारून तपासून घेतली. तेव्हापासून पाठ तयार झाला की तो मुलांना देण्याआधी ती एकदा ऐकते. तुमच्या शाळेतही असे कोणी असेल, तर पाठ करायला घेतानाच त्याला बोलवा.